पाचवं माणूस

"माझं काय, मी कुठेही झोपेन."

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे इतक्या वेळा म्हणतात की आता कोणाचं तिकडे लक्षही जात नाही. बडोद्याला दांडिया बाजारातल्या जुन्या घरी दिवाळीला पंधरा-पंधरा माणसं गोळा व्हायची. माजघरात गाद्या पडायच्या, लहानांची, जावयांची, आल्यागेल्याची सोय लागायची आणि सगळी निजानीज झाली की आई कुठेतरी जिन्याच्या तोंडाशी सतरंजीवर आडव्या झालेल्या दिसायच्या. आता आम्ही मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आहोत. प्रत्येकाला पलंग आहे, पण वाक्य बदललेलं नाही.

गेल्या वर्षी मुलांना पॅरिसजवळच्या डिस्नेलँडला न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे चार वर्षं नुसतं घोकत होतो, ते एकदाचं पैशांत बसलं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून हॉटेलं बघायला बसले. समोर आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्यासाठी वेगळं काही बघू नकोस हं. मी कुठेही झोपेन."

मी 'हो' म्हटलं आणि रकान्यात आकडे भरले. मोठी माणसं तीन, मुलं दोन. मुलांची वयं लिहा. थोरली तेरा, धाकटा सात. तिथे बारा पूर्ण झाले की पूर्ण तिकीट, त्यामुळे थोरली आपोआप मोठ्यांत गेली. घरात तिला एकटीला गॅस पेटवू देत नाही आम्ही, पण डिस्नेच्या हिशेबात ती माझ्या बरोबरीची. म्हणजे मोठी चार आणि लहान एक.

बटण दाबलं आणि मघाशी एवढी लांबलचक दिसणारी यादी आखडून चार-पाच ओळींची झाली.

मला आधी वाटलं आपलंच काही चुकलं. मग लक्षात आलं. तिथल्या बहुतेक हॉटेलांची साधी खोली चौघांची. दोन मोठे पलंग, चार उशा. तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर पाळणा मिळतो, पण पाचवं माणूस बाळ नसेल तर त्याला त्या खोलीत जागा नाही. आपल्याकडे हा प्रश्नच नसतो. नाथद्वाऱ्याला जा, महाबळेश्वरला जा, काउंटरवरचा माणूस पाहुणे मोजतो, वहीत डोकं घालतो आणि म्हणतो, "एक गादी टाकून देतो, मॅडम." वर पाचशे-सातशे रुपये घेतो, आणि रात्री एक पोरगा खांद्यावरून गादी आणून दोन पलंगांच्या मधल्या बोळात पसरतो. त्या बोळात आमच्या आई आजवर अर्धा भारत झोपल्या आहेत. नवऱ्याने एका हॉटेलला मेल टाकून गादीचं विचारलंही. मोठं सभ्य उत्तर आलं: खोलीतली माणसं ठरलेली असतात, आपण दोन खोल्या घ्याव्यात.

दोन खोल्या म्हणजे दुप्पट पैसे, हे एक. पण खरी अडचण निराळीच होती. दुसऱ्या खोलीत कोण झोपणार? आई एकट्या? की आई आणि थोरली? दोन्ही खोल्या शेजारी मिळतील याची खात्री कोणी देईना. परक्या मुलुखात, कार्डाने उघडणाऱ्या दारामागे, दुसऱ्या मजल्यावर आई आणि आम्ही चौघं भलतीकडेच, हे चित्र काही डोळ्यांसमोर बसेना. मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाल्या, "मिळालं का?" मी म्हटलं, "बघतेय."

आमच्या लहानपणी हा व्यापच नव्हता. गावाला जायचं म्हटलं की प्रश्न एकच, 'उतरणार कोणाकडे?' कुठे नव्हे, कोणाकडे. आई लग्नानंतर १९७२ साली पहिल्यांदा मुंबईला गेल्या, तेव्हा गिरगावात चुलतसासऱ्यांकडे उतरल्या होत्या. दोन खोल्या, अकरा माणसं, नळ पहाटे चारला. राणीचा बाग बघितला, चौपाटीवर भेळ खाल्ली आणि रात्री चाळीच्या गॅलरीत झोपल्या. हे त्या आजही एवढ्या कौतुकाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गॅलरी म्हणजे ताजमधली खोली. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायांकडे उतरायचं, बाकीकडे नातेवाईक, आणि अगदीच कोणी नसलं तर धर्मशाळा. हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा. तिथे कोणी झोपतं, हे मला वाटतं मी कॉलेजात गेल्यावर कळलं.

कोणाकडे उतरलं की माणसं मोजायची जबाबदारी यजमानाची. आता ती माझ्याकडे आली होती आणि मला ती पाचावर नीट पेलत नव्हती.

तर पर्याय. पंधरा दिवस मी रोज रात्री भांडी आवरून त्यातच होते, त्यामुळे सांगायला बरंच आहे.

हे डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ ला 'युरो डिस्ने' नावाने उघडलं, पॅरिसच्या पूर्वेला साधारण ३२ किलोमीटरवर, मार्न-ला-व्हालेला. अगदी फाटकावरच एक गुलाबी हॉटेल आहे, डिस्नेलँड हॉटेल. त्याच्या खालून चालतच बागेत शिरायचं. बरीच वर्षं डागडुजीसाठी बंद राहून ते जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. त्याचा भाव बघून नवरा म्हणाला, "एवढ्यात आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात भाड्याने ठेवतील." ठेवणार नाहीत, तिथे अजून गायकवाड कुटुंब राहतं. पण आकडा त्याच जातीचा होता.

त्याखालोखाल डिस्नेचीच आणखी हॉटेलं: तळ्याकाठचं न्यूपोर्ट बे क्लब, लाकडी लॉजच्या थाटाचं सिकोया लॉज, काउबॉयच्या गावासारखं शायान, आणि सगळ्यात स्वस्तातलं सांता फे. शायान आणि सांता फेपासून फाटक चालत वीसेक मिनिटं, फुकट बसही असते. या हॉटेलांत उतरणाऱ्यांना एक मोठी सवलत मिळते. बाग सगळ्यांना उघडण्याआधी तासभर त्यांना आत सोडतात. गर्दीच्या पाळण्यांना तो तास सोन्यासारखा. पण साधी खोली चौघांचीच. न्यूपोर्टला मोठ्या कुटुंबाच्या खोल्या आहेत, त्यांचा भाव बघून मी पाणी प्यायले.

डेव्ही क्रॉकेट रँच म्हणून झाडीत लाकडी घरं आहेत, सहा माणसांची, स्वयंपाकाचा ओटा असलेली. मी हरखले. पण तिथून बस नाही, स्वतःची गाडी हवी. डिसेंबरात, उजव्या बाजूने, अंधारात नवरा गाडी चालवणार आणि शेजारी बसून मी नकाशा वाचणार, म्हणजे आमचा संसार फ्रान्समध्येच मोडला असता.

मग पॅरिस शहरातच राहून रोज ये-जा करावी, असं माझ्या भावाचं मत. आरईआर 'ए' नावाची लोकल शहराच्या मध्यातून साधारण चाळीस मिनिटांत थेट डिस्नेच्या दारात सोडते. कागदावर उत्तम. पण मी तोवर शहाणी झाले होते. हॉटेल बागेपासून किती लांब, हे सकाळी नऊ वाजता मोजायचंच नसतं. सकाळी सगळे उड्या मारत जातात. ते रात्री नऊला मोजायचं, धाकटा खांद्यावर झोपलेला, थोरली फुगलेली, आईंचा उजवा गुडघा बोलायला लागलेला आणि वर झिमझिम पाऊस. त्यात भारताचं घड्याळ. हिवाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. तिथे रात्री नऊ वाजता आपल्या पोरांच्या अंगात दीड वाजलेला असतो. त्या अवस्थेत शात्ले नावाच्या पॅरिसमधल्या भल्यामोठ्या भुयारी स्टेशनात पाताळातले जिने शोधत फिरायचं?

एक हॉटेल जवळजवळ घेतलंच होतं. जाहिरातीत 'पार्कपासून पाच मिनिटं' आणि फोटोत खिडकीतून डिस्नेचा किल्ला. थोरलीने नकाशावर बोट ठेवून रस्ता काढला तर ती पाच मिनिटं मोटारीची होती आणि किल्ला भिंतीवरच्या कागदाचा. पैसे परत मिळण्याजोगं बुकिंग होतं म्हणून वाचलो. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतोच, तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करावं हे एवढं मात्र कोणालाही सांगेन. व्हिसाच्या कागदांत आणखी ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. अहमदाबादच्या केंद्रात आईंचे ठसे तीन-तीनदा घेतले, उमटतच नव्हते. पन्नास वर्षं भांडी, राख, विळी. यंत्राला बोट दिसेना. ती मुलगी अदबीने म्हणाली, "बा, जरा जोरथी दबावो." आई म्हणाल्या, "दबावले, बेटा. आता एवढंच उरलंय." बडोद्याचं मराठी-गुजराती एका वाक्यात.

तारखांचाही घोळ होता. मुलांना शाळेची सुट्टी नाताळच्या आठवड्यात, आणि नेमकं तेव्हाच फ्रान्समधल्या शाळाही दोन आठवडे बंद. भाव गगनाला आणि रांगा त्याहून लांब. जानेवारी म्हणावं तर उत्तरायण. १४ जानेवारीला बडोद्याच्या पोराला गच्चीवर पतंग उडवण्यापासून थोपवेल असा बाप अजून जन्मला नाही. मग कळलं की डिस्नेचा नाताळ नोव्हेंबरातच सुरू होतो, झाड, दिवे, मिरवणूक सगळं. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं तर तोच नाताळ, पण निम्म्या गर्दीत. शाळेला पाच दिवस बुडी मारली. वर्गशिक्षिकेला खरं सांगितलं, त्या म्हणाल्या, "येताना चॉकलेट आणा."

हॉटेलचं कोडं शेवटी वाल द्युरोपने सोडवलं. डिस्नेच्या आधीचं, लोकलचं शेवटून दुसरं स्टेशन. बाहेर मोठा मॉल, आणि आसपास भाड्याच्या सदनिकांची हॉटेलं. एक बेडरूम, बाहेरच्या खोलीत सोफा-बेड आणि बंकबेड, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा, फ्रिज, भांडी. सहा जणांपर्यंत चालेल, असं स्पष्ट लिहिलेलं. तो सहाचा आकडा बघून मला जे बरं वाटलं ते किल्ला बघूनही वाटलं नाही. तासभर आधी आत जायची सवलत गेली. पहिल्या दिवशी पोरं पहाटे चारला टक्क जागी होऊन दिवा लावून बसली तेव्हा त्या तासाची आठवण झाली, नाही असं नाही.

सामानात काय न्यायचं यावरून आईंचं आणि माझं थोडं वाजलं. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तुपाची बरणी नाही आणि चहाची दूधपावडरही नाही. "तुपाला काय बंदी? ते काय दारू आहे?" आई. शेवटी बेसन, गोडा मसाला, तांदूळ, मेतकूट, भाखरवडी आणि दोन किलो लीलो चिवडा एवढ्यावर तह झाला. ओटा घेतला तो आईंसाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तो माझ्यासाठी होता. मला सकाळी घरच्यासारखा चहा मिळाला नाही तर मी कोणाशी नीट बोलत नाही.

बागेबद्दल फार सांगत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. डिसेंबरात तिथे साडेआठला उजाडतं आणि पाचच्या आत मावळतं. थंडी आपल्या जानेवारीसारखी गोड नाही, ओली आहे, हाडात शिरते. हे ठाऊक असल्याने की काय, बागेतल्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या मागून छप्पर असलेल्या गल्ल्या काढल्या आहेत. पाऊस आला की माणसं तिकडे वळतात. आईंना सगळ्यात आवडली ती ही जागा. "आपल्या खंडेराव मार्केटसारखं आहे," म्हणाल्या. तसं काही नाहीये, पण मी हो म्हटलं. किल्ल्याच्या तळघरात एक ड्रॅगन साखळीने बांधलेला आहे, तो डोळे उघडून धूर सोडतो. धाकटा त्याला बघायला चारदा गेला. किल्ल्याबद्दल आईंचं मत असं की छान आहे, पण आत कोणी राहत नाही.

फाटकाजवळ चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. पहिल्या दिवशी आईंनी ती धुडकावली. "मी काय आजारी आहे?" दुसऱ्या दिवशी घेतली. तिच्यात दिवसभर आमच्या पिशव्या, कोट आणि धाकटा बसले आणि ढकलत होत्या आई. धरायला काहीतरी हवंच होतं, गुडघ्याला बरं पडतं, म्हणाल्या.

पण मला सांगायची आहे ती दुपार. मी सगळं नियोजन केलं होतं ते हे धरून की दुपारी तीनला आई थकणार. तर दुसऱ्या दिवशी तीनला थकला माझा नवरा. कपाळाला हात लावून बाकावर बसला आणि म्हणाला, "मला झोपायचंय." एकच स्टेशन, तीन मिनिटं. तो आणि आई परतले. संध्याकाळी सातला आम्ही पोचलो तर नवरा घोरत होता आणि आई घरात नव्हत्या.

माझ्या पोटात गोळा आला. फोन टेबलावरच. खाली जाऊन रिसेप्शनवर विचारावं म्हणून निघाले तर लिफ्टमधून आईच बाहेर आल्या. अंगावर माझा जुना कोट, पायांत नवऱ्याचे मोजे आणि त्यावर चपला, हातात पिशवी. मॉलमधल्या त्या अवाढव्य दुकानात जाऊन आल्या होत्या, एकट्या. "समोरच तर आहे. बिल्डिंगचा रंग बघून ठेवला होता." पैसे कसे दिले? नवऱ्याच्या पाकिटातली नोट दाखवली, बाईने उरलेले परत दिले. आणि आणलं काय? दूध, दही, कोथिंबिरीची एवढीशी जुडी, आणि हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड कांद्याची पात. "बघ, यांची पातसुद्धा कशी पोसलेली."

ती पात नव्हती, लीक नावाची तिथली भाजी होती. पण दिसायला पातीसारखी आणि वासाने कांद्याच्याच कुळातली. आईंनी ती बारीक चिरून, तेलावर परतून, त्यात पिठलं घोटलं. थोडं गुळचट झालं. आम्ही पाचही जणांनी तवाभर भात संपवला. तवाभर म्हणजे खरोखरच, कारण तिथलं पातेलं एवढंसं होतं की भात फ्रायपॅनमध्ये लावावा लागला. त्या रात्री बागेतला दिव्यांचा खेळ बघायचा राहिला. तिसऱ्या दिवशी बघितला, सुंदर होता. धाकटा त्यातलं पहिलं मिनिटभर जागा होता.

झोपण्याचं राहिलंच. बेडरूम आईंना द्यायची हे मी इथूनच ठरवलं होतं. आई ऐकायला तयार नव्हत्या. "तुम्ही दोघं आत झोपा, मी इथे सोफ्यावर..." आणि ते वाक्य. मी म्हटलं, "आई, या खोलीचे पैसे तुमच्यामुळे पडलेत. तुम्ही नसता तर आम्ही चौघांच्या स्वस्त खोलीत गेलो असतो. आता झोपा गुपचूप." हे बोलायला नको होतं असं लगेच वाटलं. पण त्या हसल्या. "म्हणजे मला मोजलंत," म्हणाल्या, आणि आपली पिशवी उचलून आत गेल्या.

पहिल्या रात्री त्यांनी दार सताड उघडं ठेवलं. मध्येच उठून बघायला आल्या, कोणाच्या अंगावरचं पांघरूण सरकलंय का. दुसऱ्या रात्री दार अर्धवट लोटलेलं होतं. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा ते बंद होतं. आत दिव्याची बारीक रेघ. एक वाजून गेला होता. मी दारावर टकटक करणार होते, मग नाही केली. आईंचं माहेर सात भावंडांचं, सासर वाड्यातलं, नंतर आम्ही. चौऱ्याहत्तर वर्षांत त्या कधी एकट्या एका खोलीत झोपल्या असतील असं मला नाही वाटत. सकाळी विचारलं, "रात्री जाग्या होतात का?" म्हणाल्या, "हो. नुसती बसले होते जरा."

उत्तरायणाच्या आत परत आलो. पोरं पतंगांत रमली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे सोसायटीतल्या आणि जुन्या वाड्याकडच्या मिळून तीसेक बायका. आईंभोवती घोळका. मी वाण देत होते, कान तिकडेच. कोणीतरी विचारलं, "काकू, हॉटेल कसं होतं?"

"छान होतं. खोलीला दार होतं," आई म्हणाल्या. "आणि तिथली कांद्याची पात, काय सांगू, ही एवढी. एकीचं पिठलं पाच जणांना पुरलं."

"आणि तो मिकी माउस?"

"होता की, तोही होता."